डांबराखालचं नाव

तुमच्या घरातला माणूस लढाईत मेला आणि सरकारनं लेखी कळवलं की असा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच, तर तुम्ही काय कराल?

बहुतेक काही करणार नाही. राग येऊ देऊ नका, मी रोज बघते. तुमसरच्या तहसीलीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहीत बसते त्याला आता बावीस वर्षं झाली. शिक्षण आठवी नापास. कायदा मला कोण्या कॉलेजानं शिकवला नाही. या कार्यालयांनीच शिकवला, दर वेळी हाकलून देऊन. माणसं येतात, अर्ज करतात, एक उत्तर येतं, ते घडी घालून पिशवीत ठेवतात आणि म्हणतात, "जाऊ द्या ताई." पार्वताबाई 'जाऊ द्या' म्हणाली नाही. म्हणून तिच्यावर लिहायला बसले.

पार्वताबाई सिहोऱ्याची. वय सदुसष्ट. अंगानं सुकलेली, पण चालते अशी की सोबतच्या माणसाला धापा लागाव्यात. पावसाळ्यात तिच्या हाताखाली अठरा बाया धानाच्या रोवणीला जातात. तिची ओळ दोरी न धरता सरळ लागते. कोणाची वाकडी लागली तर ती शिव्या देत नाही, रोप उपटते आणि त्या बाईच्या हातात परत देते, बस. नवरा गेला, लेक साकोलीला एका शाळेत नोकरीवर आहे. तो म्हणतो, माय, आता चिखलात जाऊ नको. ती म्हणते, मग का तुह्या दिवाणखान्यात रोवू?

ती माझ्या टेबलाशी पहिल्यांदा आली तेव्हा धान पोटरीवर आलं होतं.

"जयभीम. तूच दीपमाला का वं?"

"हो मावशी. बसा."

"भांडतेस म्हणते तू."

"कोण म्हणते?"

"सारेच म्हणते. म्हणून तं आली."

बसली. पदरानं घाम पुसला. मग एका दमात बोलली, जसं घरून पाठ करून आली होती.

"माह्या भावाचं नाव दगडावर टाकाचं आहे. ग्रामसेवक म्हणते कागद आणा. कागद काढून दे."

दगड म्हणजे तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीसमोरची शिळा. माहेर नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाला टेकलेलं छोटं गाव. देशासाठी जीव दिलेल्या गावकऱ्यांची नावं लिहायची म्हणून ती शिळा बसवली. दोन नावं कोरली. पार्वताबाई कुणाच्या तरी लग्नाला गेली, शिळेसमोर थांबली, एकेक अक्षर बोट लावून वाचलं. चौथी शिकली आहे ती. तिसरं नाव नव्हतं.

"भावाचं नाव?"

"केवळराम टेंभुर्णे. माह्यापेक्षा तीन वर्सं मोठा. बांगलादेशच्या लढाईत गेला. मी चौदाची होती तवा."

"तार, पत्र, फोटो, पदक? काय आहे तुमच्याजवळ?"

"काहीच नाही."

"एकही कागद नाही?"

"कागद असते तं तुह्याजवळ कायले आली असती?"

बरोबर बोलली. तिचे बाबा म्हणायचे की पावसात घर बसलं त्या साली सगळे कागद मातीत गेले. घरात फौजेचा फोटो नव्हता. मरणाची तारीखसुद्धा कोणाला ठाऊक नव्हती. म्हणून पार्वताबाई दरवर्षी डिसेंबरातल्या पुनवेला बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावते आणि शेजारच्या लेकरांना खीर देते. भावाचं पुण्यानुमोदन म्हणजे एवढंच.

"आठवते तेवढं सांगा," मी म्हणाले.

"एकडाव सुट्टीवर आल्ता. बूट दाखवले. बावाले सिगरेट देल्ली तं बावानं मारलं त्याले. मले सांगे, पार्वते, तिकडे माहं नाव बहरा पाडलं आहे. उस्ताद हाक मारते आन् मले आयकूच येत नाही. दोन-तीनदा हाक मारा लागते मले. मी म्हटलं, कान फुटले का तुहे? तं हासून-हासून लोळला तो. येवढं हासाचं काय होतं, मले तं समजलंच नाही."

मीही ते लिहून घेतलं आणि विसरले. त्यातच सगळं होतं. पण ते पुढे.

पहिला अर्ज मी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. उत्तर अडीच महिन्यांनी आलं. केवळराम टेंभुर्णे, राहणार अमुक, या नावाच्या व्यक्तीची भरती, सेवा अथवा मृत्यू याची नोंद आढळत नाही.

माझं डोकं फिरलं. लपवत नाही, माझं डोकं लवकर फिरतं. मी भंडाऱ्याला गेले. माजी सैनिकांची कामं बघणाऱ्या खिडकीवर एक निवृत्त हवालदार बसतात, पांढऱ्या मिशा, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. त्यांच्या पुढ्यात मी ते उत्तर आपटलं.

"सतरा-अठरा वर्षांचा पोरगा देशासाठी मरतो आणि तुमच्या रजिस्टरात त्याला जागा नाही? की आमच्या वस्तीतलं आडनाव दिसलं की रजिस्टर आंधळं होतं?"

हवालदारसाहेबांनी कागद वाचला, घडी सरळ केली.

"ताई, मी त्याच वस्तीतला आहे," ते म्हणाले. "आवाज खाली ठेवा. माणूस फौजेत होता तर त्याला नंबर होता. नाव चुकेल, गाव चुकेल, नंबर चुकत नाही. नंबर आणा. पुढचं मी बघतो."

मी आणखी दोन वाक्यं ऐकवून बाहेर आले. आज वाटतं, नसती ऐकवली तर बरं झालं असतं.

दुसरा अर्ज केला, गावाच्या नावाच्या तीन-तीन तऱ्हा लिहून. पुन्हा तेच. नोंद आढळत नाही. पार्वताबाईला वाचून दाखवलं. मग तिनं मला असं काही विचारलं की मी वही बंद केली.

"बाई, माहा भाऊ होता ना वं? का मीच बनवला त्याले?"

"होता मावशी. त्याची एखादी वस्तू तरी असेल. बूट, ताट, काही?"

"पेटी होती. लोखंडाची, काळी. मेल्यावर आली. गुलाबदादाजवळ आहे. बियाणं ठेवते तिच्यात."

गुलाबदादा म्हणजे तिचा सगळ्यात थोरला भाऊ. आता पंच्याहत्तरीला आला. आठ महिने मी या घरासाठी भांडत होते आणि घरात असा एक भाऊ जिवंत आहे ज्याच्याकडे पेटी आहे, हे मी विचारलंच नव्हतं. हुशारी!

उन्हाळ्यात गेलो. बसमध्ये पार्वताबाई भावाबद्दल बोलत राहिली. गुलाब टेंभुर्णे गावात वाकडा म्हणूनच ओळखला जातो. आयुष्यात सरकारकडून त्यानं एक वस्तू घेतली नाही. घरकुल आलं, नको म्हणाला. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठी घरी आला, हा जंगलात निघून गेला. कधी मत टाकायला गेला नाही. रेशन बंद पडलं तेव्हा सुनेनं ओढत आधार काढायला नेलं, तर मशीनवर अंगठा ठेवताना त्याचा हात असा थरथरला की तीनदा ठसा घ्यावा लागला.

"घाबरट आहेत का?" मी विचारलं.

"घाबरट? अस्वल पिटाळलं होतं त्यानं मोहाच्या झाडाखालून, एकट्यानं."

घरी पोचलो. गुलाबकाका ओसरीवर बाजेवर बसले होते. उंच, हाडं मोठी, दाढीची पांढरी खुंटं. सून उर्वशीनं पाणी आणलं. मी कामाचं बोलले तसा म्हाताऱ्याचा चेहरा बंद झाला.

"पेटीत धान आहे. बियाण्याचं. हवा लागली तं उगवणार नाही."

"बाबाजी, पाचच मिनिटं. बाहेरूनच बघायची आहे."

"बाहेरून डांबर आहे. डांबर पाहाले तुमसरवरून आली का?"

उर्वशी आतून बोलली, सासऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. "तेच तं मी म्हणते. दाराले कीड लागली, त्याले कधी रंग नाही. पेटीले मात्र दरसाल डांबर. स्वतःच्या हातानं. कोणाले हात नाही लावू देत."

दरसाल डांबर. पन्नास वर्षं. मी त्याच वेळी उठले असते आणि भांडले असते. पण माझ्या आधी पार्वताबाई उठली. आत गेली, उर्वशीला हाताशी घेतलं, आणि दोघींनी पेटी ओढत अंगणात आणली. पार्वताबाईनं छपराच्या आडव्याला खोचलेला विळा काढला, पेटीपुढे फतकल मारली आणि खरवडायला लागली.

"पार्वते, नोको करू," गुलाबकाका म्हणाले.

ती थांबली नाही. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. थरावर थर निघत होते, जाड पोळीसारखे. कोंबड्या गोळा झाल्या. खूप वेळानं खाली हिरवा रंग दिसला, आणि हिरव्यावर पांढरा आकडा.

"चार!" उर्वशी ओरडली.

मग एक. मग सात. पूर्ण नंबर निघाला, सात आकडी. मी वहीत लिहिला, पेटीवरून तपासला, पुन्हा लिहिला. हवालदारसाहेबांना आता नंबर देता येणार होता.

"याच्या खाली नाव असेल," मी म्हणाले. "खरवडा."

नाव इंग्रजी अक्षरांत होतं. पार्वताबाईला इंग्रजी येत नाही. मला एकेक अक्षर जोडून येतं.

"का लिहिलं आहे वं?"

मी पुन्हा वाचलं. वर बघितलं. गुलाबकाका बाजेवर नव्हते, अंगणाच्या टोकाला कुंपणाकडे तोंड करून उभे होते.

"मावशी, इथं गुलाब लिहिलंय. गुलाब टेंभुर्णे."

"नीट वाच ना बाई. केवळराम असंन."

"गुलाबच आहे."

पार्वताबाईच्या हातातला विळा खाली आला. तिनं भावाच्या पाठीकडे बघितलं.

"दादा. तुहं नाव काहून आहे पेटीवर?"

म्हातारा वळला नाही. कुंपणाशीच बोलला.

"भरती भंडाऱ्याले होती. बावा मले म्हणे, जा. मले नव्हतं जावाचं. मले वावराचा नाद. केवळ तीन दिवस माह्या मागं लागला. दादा, तुहा शाळेचा दाखला दे, दादा, दाखला दे. त्याले सोळावं होतं, घेतलं नसतं त्याले. उंची माह्यापेक्षा दोन बोटं जास्तच. देल्ला मी. म्हटलं, घे बे, माहं नाव घेऊन जा, पन वापस आनजो. तो म्हणे, तीन वर्सांत येतो दादा, तुहं नाव तुले वापस करतो."

म्हाताऱ्यानं कुंपणाचा खांब धरला.

"खळ्यावर धान चुरणं चालू होतं. पोस्टमन सायकल घेऊन आला. तार वाचली आन् माह्याकडे पाहून हासला. म्हणे, काय बे गुलाब, तू तं मेला! मग पुढचं वाचलं आन् त्याचं हासू गेलं. बावा सायकलीजवळ खालीच बसला. पाय धरले त्याचे. म्हणे, एक गेला, आता दुसऱ्याले बेड्या नोको पाडू. सरकारले फसवलं म्हणून दोघंही जेलात, असंच वाटे आमाले. पोस्टमन भला. मरेपर्यंत बोलला नाही कोणाजवळ. फौजेचे कागद येत गेले, सही करा, पदक घेऊन जा. बावा चुलीत टाके. पेटी आली तवा त्यानंच डांबर फासलं. तो गेल्यावर मी."

म्हणजे बघा. सरकारच्या कागदात हा माणूस एकवीस वर्षांचा होऊन मेला होता. मेलेल्या माणसानं घरकुल कोणत्या तोंडानं मागावं? आधारच्या मशीनसमोर थरथरणारा तो अंगठा मला आता कळला. आणि बहरासुद्धा कळला. पोरगा बहिरा नव्हता. हाक दुसऱ्याच्याच नावानं यायची. ती आपल्यासाठी आहे हे त्याला दोन-तीनदा ऐकल्यावर आठवायचं.

पार्वताबाईनं एकच गोष्ट विचारली.

"मायले मालूम होतं?"

"नाही."

"माय मरेपर्यंत म्हणत होती, सरकारनं माह्या लेकराले काहून विसरलं. रोज सरकारले शिव्या देई. तू तठीच बसून राहत होता दादा. तिच्याच हातचा भात खाऊन राहत होता."

"हाव," गुलाबकाका म्हणाले. एवढंच. एक शब्द बचावाचा नाही.

तिनं विळा आडव्याला होता तसा खोचला, पेटीभोवती सांडलेलं डांबर गोळा करून उकिरड्यावर टाकलं आणि निघाली. चहा ठेवलेला तसाच राहिला. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मीही गप्प. मी गप्प बसले हे माझ्या ओळखीच्या लोकांना खरं वाटणार नाही, पण काय बोलणार? आठ महिने मी सरकारला खोटं ठरवत होते आणि खोटं त्या घराच्या अंगणात निघालं. तेही कोणाला लुबाडायला बोललेलं नव्हतं.

तुमसरला उतरताना ती म्हणाली, "अर्ज लिही. गुलाबच्याच नावानं लिही. तो कोठी पडला ते तं समजू दे."

मी नंबर घेऊन भंडाऱ्याला गेले. हवालदारसाहेबांना सगळं सांगितलं. माफी मागणं माझ्या स्वभावात नाही. मी त्यांना चहा पाजला, सोबत आलूबोंडा. ते म्हणाले, "ताई, माफी मागताय का?" मी म्हणाले, "आलूबोंडा खा." ते हसले. नंबरची चिठ्ठी त्यांनी खिशात ठेवली आणि त्या खिशाची गुंडी लावली.

उत्तर आलं तेव्हा रोवणी जोरात होती. मी कागद घेऊन सरळ सिहोऱ्याच्या धानाच्या बांधीत गेले. पार्वताबाई गुडघाभर चिखलात, अठरा बाया ओळीत. मला बघून ती बांधावर आली, हात वर धरून उभी राहिली, चिखलाचे हात कागदाला लागू नयेत म्हणून.

"वाच."

मी वाचलं. नंबर. नाव, गुलाब टेंभुर्णे. बापाचं नाव, गाव. भरतीची तारीख. मृत्यू, नऊ डिसेंबर एकोणीसशे एकाहत्तर, पूर्व आघाडी, एका नदीच्या पुलापाशी, शत्रूच्या गोळीनं. अंत्यसंस्कार जागेवरच, पलटणीच्या हातून. पदकं वारसानं स्वीकारली नाहीत म्हणून परत.

"नऊ तारीख," ती म्हणाली. "मी पुनव धरत होती."

"पुढे भरतीच्या वेळचं वर्णन आहे. उंची, छाती. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण."

"का म्हटलं?"

"डाव्या भुवईवर..."

ती बांधावर खालीच बसली. चिखलाचे हात तसेच हवेत.

"तो माहा विळा आहे बाई. मी आठ वर्सांची. धान कापत होतो आम्ही, मी घाई केली, त्याच्या कपाळावर बसला. रगत पाहून मी पळाली, धानाच्या ढोलीत लपली. बावानं विचारलं तं केवळ म्हणे, मी पडलो. माहं नावच नाही घेतलं त्यानं. मार वाचवला माहा." ती थांबली. "नाव दादाचं, वय दादाचं. पन खूण माही आहे. सरकारनं लिहून ठेवली वं! इतके वर्सं जपून ठेवली!"

आणि मग रडली. मागे बायांची ओळ तशीच वाकलेली उभी होती, हातात रोपं. एकीनंही पुढचं रोप लावलं नाही.

दोन दिवसांनी ती एकटीच माहेरी गेली. पुढचं मला उर्वशीनं फोनवर सांगितलं. पार्वताबाईनं भावाला कागद दाखवला नाही. समोर बसली आणि त्याच्या डाव्या भुवईवरून अंगठा फिरवला. कातडी साफ होती.

"दादा, ज्याच्या भुवईवर खूण होती तो मेला. तुह्या भुवईवर नाही. मंग तू मेला नाहीस. आता तं सांग सरकारले."

आठवड्यानं गुलाबकाका सुनेसोबत तुमसरला आले. धुतलेलं धोतर, हातात काठी. माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"जेल किती होते?"

मी ओळखीच्या वकिलाला आधीच विचारलं होतं. "वकील म्हणतात, या वयात कोणी काही करणार नाही. पण तसं लिहून कोणी देत नाही, बाबाजी. खोटं नाही सांगणार तुम्हाला."

"नोको सांगू. इतके वर्सं जेलातच होतो बाई. फकत भात घरचा होता."

शपथपत्र टाइप करायला बसलो. टायपिस्टनं न बघताच विचारलं, "लिहून देणाराचं नाव?"

"गुलाब टेंभुर्णे."

"मयताचं नाव?"

"गुलाब टेंभुर्णे."

त्यानं चष्मा काढला. "बाबाजी, मस्करी नका करू, मागे लाइन आहे."

"मस्करीच झाली बाबू," गुलाबकाका म्हणाले. "लिही तू. मी सांगतो तसं लिही. मयताचं खरं नाव केवळराम. तो माहा लहान भाऊ. त्यानं माहं नाव वापरलं आन् मी वापरू देल्लं. ते नाव मले वापस पायजे आन् त्याचं त्याले द्याचं आहे."

टायपिस्टनं शब्द न् शब्द तसाच ठोकला. मागच्या लाइनीत कोणी घाई केली नाही. अंगठा मागितला तर म्हणाले, सही करतो. शाळेतल्या अक्षरांत, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. हात हलला नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. रेकॉर्ड ऑफिसनं शपथपत्र घेतलं आणि सरळ भाषेत कळवलं: मृत सैनिकाचं नाव दुरुस्त करायचं तर भावाचं शपथपत्र आणि भुवईची खूण एवढ्यावर भागणार नाही. त्याच्यासोबत त्या काळी नोकरी केलेल्या एका तरी माणसाची साक्ष हवी. मला राग आला नाही. माणूसच बदलायचा आहे कागदावर, त्यांनी विचारायलाच हवं.

हवालदारसाहेबांनी त्यांच्या ओळखीच्या माजी सैनिकांना फोन लावून लावून त्या तुकडीतले दोघं शोधले. एक मागच्या वर्षी वारले. दुसरे आहेत, पण त्यांना आता स्वतःची लेकरं ओळखू येत नाहीत. तिसरा सापडत नाही.

ग्रामसेवक भला माणूस. त्यानं शिळेवर दोन नावांखाली एका ओळीची जागा मोकळी ठेवली आहे, मिस्त्रीला सांगून ठेवलं आहे. पार्वताबाई माहेरी गेली की त्या कोऱ्या जागेवरची धूळ पदरानं पुसते. गुलाबकाका आता तिच्यासोबत शिळेपर्यंत येतात. दोघांचं बोलणं जेमतेम आहे. पण मागच्या वेळी तिनं त्यांच्या घरी चहा घेतला. पेटी हिरवी झाली आहे, उर्वशीनं पूर्ण साफ केली. बियाणं आता पोत्यात असतं. येत्या नऊ डिसेंबरला, पहिल्यांदाच खऱ्या तारखेला, खीर होणार आहे.

आता तुमच्याकडे येते. एकाहत्तरच्या लढाईत पूर्व आघाडीवर गेलेला कोणी म्हातारा तुमच्या घरात असेल, गल्लीत असेल, गावच्या पारावर बसत असेल, आणि तुम्ही त्याच्या त्याच त्या गोष्टींना कंटाळला असाल, तर आज कंटाळू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा: भंडाऱ्याकडचा एक उंच पोरगा आठवतो का, कागदावर एकवीसचा, दिसायला सतराचा, डाव्या भुवईवर विळ्याची खूण, ज्याला हाक दोन-तीनदा मारावी लागायची आणि म्हणून तुम्ही सगळे ज्याला बहरा म्हणायचे? त्यानं 'हो' म्हटलं, तर त्याला घेऊन या, किंवा मला बोलवा, मी येते. तुमसरची तहसील, समोरचा कडुनिंब. कोणालाही विचारा, भांडणारी दीपमाला कुठे बसते. जरा लवकर विचारा, एवढी विनंती आहे.